नखाचा कोपरा

जनावर लंगडायला लागलं की अंबादासला ते शेठच्या आधी कळायचं. म्हैस दावणीला उभी असताना एक पाय नुसता टेकवते, भार देत नाही, एवढ्यावरून तो सांगायचा, हिच्या मागल्या डाव्या खुरात भानगड आहे. गोरेगावला डोंगराच्या अंगाला जो तबेला होता, तिथं म्हशींची खुरं तासायचं काम त्याचंच. पावसाळ्यात खाली सतत ओल, शेण, मूत. खुरं मऊ पडून वेडीवाकडी वाढायची. अंबादास वाकड्या टोकाची सुरी घेऊन बसायचा, दुखरा भाग तासून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हैस नीट चालायची. आजूबाजूच्या तबेल्यांतनंही त्याला बोलावणं यायचं. गडी म्हणायचे, अंबादासचा हात लागला की लंगडं पळायला लागतं. असं चारचौघांत ऐकलं की माणूस जरा फुगतोच, आणि अंबादास काही वेगळ्या मातीचा नव्हता.

तेव्हा भर आषाढात, भल्या पहाटे, प्रियंका पाइपानं पाणी मारत शेण लोटत चालली होती, तर तिच्या चालीतला फरक त्याला लगेच दिसला. पोरगी उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत होती.

"काय गं, पायाला काय झालं?"

"काही नाही पप्पा."

"मला शिकवू नको. गमबूट काढ."

तिनं भिंतीला टेकून गमबूट ओढला. आतून पाणी गळलं. पाय भिजून पांढरा फटक पडला होता आणि अंगठा कडेनं लालबुंद. नखाची कड मांसात रुतली होती आणि मांस तिच्यावर चढलं होतं.

"कधीपासून?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. धावताना जास्त ठणकतं. वाट लागलीय नुसती."

आता ही धावायची भानगड सांगायला हवी. प्रियंका पोलीस भरतीची तयारी करत होती. फॉर्म भरला होता, मैदानी परीक्षेची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. पहाटे बापाबरोबर तबेल्यातलं काम उरकायचं, ओल्या पायानंच बूट चढवायचे आणि विशाल सरांच्या मुलामुलींत धावायला जायचं, असा तिचा नेम. हा विशाल होमगार्डमध्ये होता, वस्तीतल्या पोरांना फुकट तयारी करून घ्यायचा. तो म्हणायचा, "अंबादासदादा, जय भीम. तुमची पोरगी वर्दी घालणार, लिहून ठेवा." अंबादासच्या घराण्यात वर्दी कुणी घातली नव्हती. परतूरकडून मुंबईला आल्यापासून त्यानं शेणच उपसलं, राधानं दुधाचे कॅन घासले, आणि दोघांच्या मनात एकच होतं की पोरीनं तरी या ओलीतनं बाहेर पडावं.

त्या रात्री राधानं अंगठा पाहिला. ती म्हणाली, "नखुरडं झालंय. उद्याच्या उद्या दवाखान्यात जा." आणि नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही तिच्या पायाला हात लावाल तर बघा. माणूस आहे ते, म्हैस नाही."

राधाचं हे बोलणं अंबादासला झोंबलं. बायकोनं साऱ्या गावानं मानलेल्या हाताला असं म्हणावं? दवाखान्यात गेलं तर डॉक्टर म्हणणार पंधरा दिवस धावू नको, आणि मग भरतीचं काय? घोडामैदान तर जवळ आलेलं. त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं.

"चल मागं," दुसऱ्या पहाटे तो तिला हळूच म्हणाला. "मम्मीला बोलायचं नाही."

पेंडीच्या खोलीत पोत्यावर त्यानं तिला बसवलं. नवीन ब्लेड घेतलं, नेलकटर घेतलं, लाल औषधाच्या पाण्यात पाय बुडवला. मग तिचं पाऊल दोन गुडघ्यांत घट्ट धरलं आणि सवयीनं त्याच्या तोंडातून निघालं, "हो, हो, उभी राहा."

"पप्पा, मी म्हैस नाहीये," प्रियंका हसली आणि लगेच ओठ चावून धरला.

त्यानं नखाचा रुतलेला कोपरा तिरका, गोल करून खोलवर कापला. जिथं दाबतंय ते काढून टाकायचं, हा त्याचा साधा हिशेब. कोपरा निघाला, थोडं रक्त आलं, आणि पोरीचा चेहरा उजळला.

"ठणका गेला पप्पा. खरंच गेला."

"मग. उगाच लोक बोलावतात का मला?"

चार दिवस पोरगी अशी पळाली की विशाल सरांनी घड्याळ दोनदा तपासलं. अंबादास मुद्दाम दुधाच्या गाडीबरोबर त्या बाजूनं गेला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत राहिला. घरी राधानं विचारलं, "दवाखान्यात जाऊन आली का गं?" तर प्रियंकानं "आपोआप बरं झालं" म्हणून सांगितलं. अंबादास भाकरी चावत आतल्या आत हसत होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात ते हेच.

पाचव्या-सहाव्या दिवशी अंगठा पुन्हा फुगला. कापलेलं नख वाढायला लागलं होतं आणि वाढताना त्याची धार सरळ मांसात घुसत होती. खुराचं तसं होत नाही, कारण खुराच्या दोन्ही कडांना मांस नसतं. पण एवढा विचार करायला अंबादासला उसंत कुठली? त्यात राधानं मालाडच्या बाजारातून आणलेले बूट जरा आखूड. कंपनीचे होते, चांगले होते, म्हणून पोरगी बोटं मुडपून तेच घालत होती.

"पप्पा, परत कापा ना," ती स्वतःच म्हणाली. "सर आता रोज टायमिंग घेतायत."

तेव्हा त्यानं नाही म्हणायला हवं होतं. पुढं कितीतरी वेळा त्याला हेच आठवलं, की पोरीनं स्वतःहून पाय पुढं केला आणि आपण नुसतं "दवाखान्यात चल" म्हणालो असतो, तर सगळं निभावलं असतं. पण त्यानं पोतं झटकलं.

या वेळी मांस सुजलं होतं, कोपरा दिसतच नव्हता. अंबादासनं ब्लेड आत घातलं, आणखी आत घातलं. प्रियंकानं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता आणि तिचे डोळे वाहत होते. नख अर्ध्यात कट्कन तुटलं. हातात आला तो तुकडा त्यानं बोटावर घेऊन पाहिला. आखूड होता. उरलेलं कुसळ आत राहिलं, हे त्याच्या बोटांनी ओळखलं. इतकी वर्षं तो हेच काम करत होता, त्याला ते कळणारच. तो पुन्हा आत शोधायला गेला तर पोरीनं पाय झटकला.

"निघालं का सगळं?"

"निघालं," अंबादास म्हणाला. "सगळं निघालं."

त्यानं हळद दाबली, चिंधी बांधली आणि म्हशी धुवायला गेला. काशीराम, त्याच्या जोडीचा गडी, दोनदा म्हणाला, "अरे, त्याच म्हशीला परत काय धुतोयस?"

दोन दिवसांत चिंधी पिवळी झाली. पोरीच्या अंगात कणकण आली. राधानं गमबूट उचलून ठेवताना वास घेतला, पोरीचा पाय ओढून चिंधी सोडली आणि कपाळावर हात मारला. अंगठा पिकून तटतटला होता. अर्धं लिंबू कापून तिनं अंगठ्यावर बसवलं, वरून फडकं बांधलं. तिच्या आईनं हेच केलं असतं. पण लिंबानं पोरगी किंचाळली, तेव्हा राधानं ते काढून फेकलं, रिक्षा बोलावली आणि अंबादासला म्हणाली, "चला. आता तरी चला."

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती, तोंडानं फटकळ. तिनं दिव्याखाली अंगठा धरला आणि सगळ्या बाजूंनी निरखून पाहिला.

"बापरे. हे कुणी कापलं?"

खोलीत पंखा फिरत होता. राधा लेकीच्या खांद्याला धरून उभी होती. अंबादासनं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं.

"मीच," प्रियंका म्हणाली. बापाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "घरीच कापलं. ब्लेडनं."

अंबादासचं तोंड तसंच मिटलं.

"शहाणीच आहेस," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पायाचं नख सरळ कापायचं असतं गं. कोपरे गोल करायचे नाहीत, खोल जायचं नाही. कोपरा काढला की बरं वाटतं, चार दिवस. मग नख वाढताना सुरीसारखं मांसात शिरतं. पाय दिवसभर ओला असतो का?"

"तबेल्यात काम करते. गमबूट घालते."

"आणि हे बूट? बोटं कुठं ठेवतेस यात?"

"बूट मी आणले," राधा पटकन म्हणाली. "एक नंबर लहान मिळाले. म्हटलं वापरून सैल होतील. माझंच चुकलं बाई." आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

राधाची चूक केवढी, तर चिमूटभर. ती तिनं भर दवाखान्यात सांगून टाकली. अंबादासची डोंगराएवढी, आणि तो भिंतीवरचा लसीकरणाचा फोटो बघत उभा होता. त्याला स्वतःची शिसारी आली, पण पाय हलेना.

डॉक्टरीणबाईनं साखर तपासली, अंगठ्याच्या मुळाशी दोन बाजूंनी इंजेक्शन देऊन तो बधिर केला. म्हणाली, सगळं नख काढायची गरज नाही, रुतलेल्या कडेची पट्टी तेवढी मुळापासून काढते, मुळाला औषध लावते, म्हणजे त्या कडेनं पुन्हा नख येणार नाही. पू निघाला, पट्टी निघाली. मग चिमट्यात धरून तिनं एक बारीक टोकदार कुसळ दिव्यासमोर धरलं.

"हे बघ. हा काटा आत राहिला होता. सगळं यानं केलंय. कापताना तुला कळलं नाही?"

"नाही कळलं," प्रियंका म्हणाली.

ज्याला कळलं होतं तो दाराजवळ उभा होता.

"धावायचं कधी?" पोरीनं विचारलं.

"दोन-तीन आठवडे नाव काढू नकोस."

"बारा दिवसांवर मैदान आहे मॅडम."

डॉक्टरीणबाईनं मान हलवली. गोळ्या दिल्या. कोमट मिठाच्या पाण्यात रोज पाय बुडवायचा, कोरडा करायचा, पट्टी बदलायची, मोकळी चप्पल घालायची, गमबूट बंद. "बाकी तुझी मर्जी. पण जखम कच्ची असताना धावलीस तर मला शिव्या देऊ नकोस."

घरी आल्यावर राधाचं तोंड सुटलं ते थांबेना. सकाळी मिठाचं पाणी कोमट करताना सुरू, दुपारी कॅन घासताना सुरू. "दवाखान्यात जा म्हणाले होते की नाही? आपोआप बरं झालं म्हणे. खोटारडी. ब्लेड घेऊन बसली. एवढी अक्कल नाही आणि पोलीस व्हायला निघाली. आम्ही इकडं हाडाची काडं करतोय आणि हिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलं." प्रियंका घमेल्यात पाय सोडून खाली मान घालून बसायची. एकदा राधा तिच्यासमोर शेजारणीला म्हणाली, "हिचा बाप बिचारा रोज पहाटे मरतो, त्याचं तरी बघायचं." तेव्हा प्रियंकानं मान वर करून बापाकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं. अंबादासला वाटलं, शेणाच्या खड्ड्यात उडी टाकावी.

रोज तो ठरवायचा, आज सांगू. तोंडात भाकरीचा घास असायचा, तो गिळून झाला की सांगू. मग दुसरा घास घ्यायचा. घमेलं तो स्वतः भरून आणायचा, पोरीचा पाय स्वतः पुसायचा, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी फडक्यानं टिपायचा. राधाला त्याचंही कौतुक. एके दिवशी पेंडीच्या खोलीत त्यानं पोरीला म्हटलं, "मी आज मम्मीला सांगतो."

"नको," ती म्हणाली. "आता सांगून काय? तुमचं भांडण लागेल, मग मैदानाला जायच्या आधी घरात नुसता कालवा. मला डोकं शांत हवंय पप्पा."

"मग तू धावणारच?"

"धावू की नको?"

डॉक्टरीणबाई नको म्हणाली होती, विशाल सरही म्हणाले होते की रिस्क आहे, पुढच्या भरतीचं बघू. पण अंबादासच्या मनातलं खरं सांगायचं तर त्याला ती धावायला हवी होती. धावली आणि पास झाली, तर त्या कुसळाचा हिशेब मिटला असता. आपल्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून लेकीनं जखमेवर धावावं असं आपल्याला वाटतंय, हे त्याला कळत होतं.

"तुझं तू बघ," तो शेवटी म्हणाला.

"धावते," प्रियंका म्हणाली.

मैदानाच्या दिवशी तो तिच्याबरोबर अंधेरीला गेला. राधा कॅनमुळे अडकली. बरोबरच्या एका मुलीचे मोठे बूट प्रियंकानं मागून आणले होते, अंगठ्याशी कापूस भरला होता. पाऊस उघडला होता पण मैदान दमट. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. अंबादास जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. गोळाफेक तिची चांगली गेली. शंभर मीटरला तिला सुरुवातीला अंगठ्यानं जमीन रेटता आली नाही, मागं पडली. मग आठशेला सगळ्या पोरी एकदम सुटल्या.

पहिली फेरी ती पुढच्या घोळक्यात होती. अंबादास जाळीला चिकटून पुटपुटत होता, "चल गं माझी बाय, चल." दुसऱ्या फेरीत वळणावर त्यानं तिचा उजवा पाय पाहिला. पोरगी पाऊल कडेवर टाकत होती. सबंध मैदानात दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसेल. एकीनं तिला मागं टाकलं, मग दुसरीनं, मग एकदम चौघींनी. शेवटची सरळ रेघ ती टाचेवर पळत आली. थांबली नाही, पडली नाही. पण वेळ निघून गेली होती.

बाहेर आली तेव्हा तिनं बूट हातात धरले होते आणि मोजा लाल झाला होता. लेखी परीक्षेला बसायला निम्मे गुण लागतात; तिला दोन कमी पडले होते.

"चहा घेतेस?"

"नको."

रिक्षात ती बाहेर बघत बसली. जोगेश्वरी गेल्यावर फोन वाजला. राधाचा होता.

"नाही झालं मम्मी," प्रियंका म्हणाली. "पायाचं नाही गं फार. माझीच तयारी कमी पडली." आणि फोन ठेवून तिनं तोंड ओढणीत घातलं. अंबादासनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर त्याला आपलाच हात जड वाटला. त्यानं तो काढून घेतला.

संध्याकाळी राधानं भात आणि बोंबलाचं कालवण केलं होतं. ताटं वाढता वाढता ती पुन्हा सुरू झाली. "दोन गुण. दोन गुणांसाठी गेलं. त्या ब्लेडनं खाल्लं तुला. स्वतःच्या हातानं..."

"राधा," अंबादास म्हणाला. "तिनं नाही कापलं. मी कापलं."

राधाचा पळीचा हात थांबला.

"पेंडीच्या खोलीत कापलं. दोनदा. तू नको म्हणाली होतीस तरी कापलं. ते कुसळ आत राहिलं, तेही मला कळलं होतं, आणि मी तिला सगळं निघालं म्हणून सांगितलं. दवाखान्यात ती माझ्यासाठी खोटं बोलली. तिचं काही चुकलेलं नाही. माझ्यामुळं गेलं तिचं."

एवढं तो एका दमात बोलला आणि वाट बघत बसला. आता ही ओरडेल, पळी फेकेल, काय वाटेल ते बोलेल. आणि त्याला ते हवं होतं.

राधा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. पळी खाली ठेवून तिनं पदर तोंडाला लावला.

"किती बोलले मी पोरीला," ती म्हणाली. "तुम्हाला बघवेना म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेताय."

"अगं, नाही. खरं सांगतोय."

"राहू द्या. वीस वर्षं संसार केलाय तुमच्याबरोबर. तिनं शाळेत काच फोडली तेव्हाही असंच, मीच फोडली म्हणून मास्तरांना सांगायला निघाला होतात. आणि तुमचा हात असा चुकेल? अख्खा तबेला सांगतो तुमच्या हाताचं. म्हशीच्या खुरात कधी कुसळ नाही राहिलं, ते लेकीच्या पायात ठेवाल?"

अंबादासनं प्रियंकाकडे पाहिलं. "तू सांग गं. सांग हिला खरं."

प्रियंका ताटातला भात चिवडत होती. दिवसभर दमलेली, पाय उशीवर ठेवलेला. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तोंड मऊ झालं होतं.

"पप्पा, बास ना आता," ती म्हणाली. "मीच कापलं मम्मी. ते उगाच बोलतात."

"ऐकलंत?" राधा म्हणाली. लेकीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. "जाऊ दे बाळा. नाही बोलणार मी आता. पुढच्या भरतीला बघू." आणि तिनं कालवणातला मोठा बोंबील उचलून नवऱ्याच्या ताटात वाढला.

अंबादासनं बोंबील मोडला, काटा काढला आणि सगळाच्या सगळा लेकीच्या ताटात ठेवला.

"बघ," राधा प्रियंकाला म्हणाली. "बघ, बाप कसा असतो ते."

प्रियंकानं मान हलवली आणि जेवायला लागली. अंबादास कोरडा भात कालवत राहिला.